एकोणीस नंबरचं नाव

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या शीतगृहात आम्हाला नावंच नव्हती. दाराशी एक फळा, त्यावर खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आलं की परत खिळ्याला. फळा भरला म्हणजे खोली रिकामी. मी बेचाळीस. 'बेचाळीस, पोती हलव,' असं मुकादम म्हणायचा आणि मी निमूट हलवायचो. वर्षभरात घरीसुद्धा मी बोलेनासा झालो होतो.

त्या दुपारी एकच पोतं सरकवायचं राहिलं होतं. एवढ्यासाठी बिल्ला कुठे घालायचा, म्हणून तसाच आत गेलो. मुकादमाने फळा भरलेला पाहिला, बाहेरूनच दिवा मालवला आणि दार लावलं.

दार ठोठावून हात बधिर झाले. बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. काळोखात ओल्या तागाचा वास होता आणि मोटर घुमत होती. पोत्याला टेकून बसलो. हळूहळू थंडी वाजायचीही थांबली, डोळे मिटायला लागले.

"झोपू नकोस…" अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं.

"कोण आहे?"

"एकोणीस… तुझं नाव काय?"

मी सांगितलं. आईने ते का ठेवलं, बायको ते कसं तोडून म्हणते, लेक रुसली की बापालाच नावाने कशी हाक मारते, सगळं त्याने माझ्याकडून काढून घेतलं. जरा डोळा लागला की परत तोच प्रश्न. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण वर्षभरात मला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

शेवटी मी त्याचं नाव विचारलं.

"आठवत नाही… कुणी विचारलंच नाही."

"मग माझं घे," मी म्हणालो.

दुसऱ्या पाळीने दार उघडलं, तेव्हा आत मी एकटाच होतो. एकोणीस नंबर कोण, असं मुकादमाला विचारलं. तो नंबर देणं बंद केलंय, एवढंच बोलून तो निघून गेला.

परवा एक नवा हमाल आतून आला. आतला माणूस भला आहे, पोतं उचलायला हात दिला, म्हणाला. त्या माणसाने नाव सांगितलं ते माझं. ते माझं आहे, हे नव्याला ठाऊकही नव्हतं.

ते परत कसं मागू? त्या एकोणीसमुळे मी आज लेकीजवळ आहे, त्याचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. फक्त हल्ली बायकोने नावाने हाक मारली, की ती कुणाला बोलावतेय म्हणून मी मागे वळून बघतो.