'नष्ट केले'

नळदुर्गला हायवेलगत एका छोट्या फोन कंपनीचं ऑफिस आहे. तिथं सरकारी आदेशांचं काम मल्लिनाथकडं होतं. ज्या नंबरवर पाळत ठेवायची, त्याचं रेकॉर्डिंग चालू करायचं. मुदत संपली की ते पुसायचं आणि वहीत 'नष्ट केले' लिहून सही ठोकायची. ऐकायचं नाही, विचारायचं नाही, घरीदारी अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर तुरुंग. गडी नियमाला पक्का.

श्रावणात त्यानं धाबेवाल्या सिद्धेश्वरचं रेकॉर्डिंग पुसलं. त्याच दिवशी सिद्धेश्वर मुका झाला. सोलापूरच्या डॉक्टरला घशात काहीच सापडलं नाही. आता तो गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलतो. योगायोग असेल, असं मल्लिनाथनं मनाला समजावलं. मग दसऱ्याच्या सुमारास गजराबाईचं पुसलं. जिच्या आरोळीनं भाजीबाजार दणाणायचा, ती मेथीच्या जुड्यांपुढं नुसतं तोंड हलवत बसली.

तिसरा आदेश त्याच्या बायकोच्या, शिवप्रियाच्या नंबरचा आला. का, ते आदेशात कधीच नसतं. त्यानं रेकॉर्डिंग चालू केलं आणि दोन महिने तिच्याशेजारी बसून जेवला. ती आईशी, नागम्माशी, तासन्‌तास कानडीत बोलायची, खळखळून हसायची. हा मान खाली घालून भाकरी मोडायचा. लाज वाटायची, पण तोंड काही उघडलं नाही.

आज मुदत संपली. पुसायच्या बटणावर ठेवलेलं बोट त्यानं मागं घेतलं. त्याचं घर म्हणजे तिचा आवाजच होता. त्यानं रेकॉर्डिंग तसंच ठेवलं. वहीत मात्र 'नष्ट केले' लिहून सही केली. आयुष्यातली पहिली खोटी सही.

दुपारी घरी आला, तर शिवप्रिया फोनवर बोलत होती. बोलत होती! त्याचे डोळे भरून आले. आता तुरुंग झाला तरी बेहत्तर, हिला सगळं सांगून टाकायचं.

"आज लवकर आलाव?" तिनं फोन ठेवला. "शेंगाची चटणी केलीया. बसा."

तो बसला. आदेश, रेकॉर्डिंग, सिद्धेश्वर, गजराबाई, सही, सगळं सांगितलं. माफी मागितली. स्वतःचा शब्दन्‌शब्द त्याला ऐकू येत होता.

ती वाढत राहिली.

"अहो, कवाधरनं नुसतं माझ्या तोंडाकडं बघायलाव," ती म्हणाली. "काय तरी बोला की."

त्यानं कोनाड्यातली लेकीची पाटी ओढली. लिहायचं पुष्कळ होतं.

हात दोनच शब्द लिहून थांबला. नष्ट केले. खाली सही.