त्रेचाळीस किलो जास्त

कुणाला पटवायला मी हे सांगत नाहीये. ज्याला थट्टा करायची त्याने खुशाल करावी. पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, गेल्या महिन्यात, भर दुपारी, लख्ख उजेडात. आणि ती बाई भुताखेतांच्या नादी लागणारी नाही. हिशेबातली बाई आहे ती.

आम्ही तिला ताई म्हणतो.

ताई एका मोठ्या लॉन्ड्रीच्या ऑफिसात बसते. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिथे धुवायला येतं. तिचा नवरा तिथलाच मुकादम, मालकाच्या खास विश्वासातला. पूर्वी मी त्याला भाऊजी म्हणायचे. आता नुसता मुकादम म्हणते. का, ते कळेलच.

तिथली पद्धत अशी. इस्त्री करून गठ्ठा बांधला की बाईने तो काट्यावर ठेवायचा आणि आपल्या नंबरचं बटण दाबायचं. लगेच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक ओळ उमटते. नाव, वेळ, वजन. संध्याकाळी ताई बाजूला सगळ्या बायकांच्या नावांची यादी लावते आणि समोर समइफचा फॉर्म्युला ओढते. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, या नावाच्या सगळ्या ओळी शोध आणि त्यांची बेरीज कर. कुणी दिवसभरात किती काम केलं ते एका झटक्यात समोर येतं. वर ताईची एक खोड आहे. खाली सगळ्या ओळींची सरसकट बेरीजही ती घेते. दोन्ही जुळल्याशिवाय ही बाई खुर्चीवरून उठत नाही.

याच लॉन्ड्रीत तिने आपल्या धाकट्या बहिणीला चिकटवून दिलं होतं. धाकटी तोंडाने फटकळ, पण जीव लावणारी. ताईच्याच घरी राहायची, आईसोबत.

गेल्या वर्षी एके सकाळी धाकटी डबा घेऊन कामाला निघाली ती परत आलीच नाही.

ताई नेमकी त्या दिवशी आईला डोळे दाखवायला घेऊन गेली होती. मुकादम म्हणाला, ती आज कामावर आलीच नाही. कुणा ड्रायव्हरशी तिचं हल्ली फार गुळपीठ जमलं होतं, हेही तोच म्हणाला. पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं.

झालं. धाकटी पळून गेली, हे घरातल्यांनी गिळलं. आईने अंथरूण धरलं. पोटच्या पोरीने गळा कापला, एवढंच ती म्हणायची. आणि ताईचं तर विचारूच नका. आतल्या आत जळत होती. मला तरी सांगायचं होतंस गं, असं भाजी चिरताना स्वतःशीच पुटपुटायची. त्याच रागात तिने यादीतून धाकटीचं नाव काढून टाकलं. काट्यावरचा नंबर मात्र तसाच राहिला. तो बदलायला मेकॅनिक लागतो, आणि एका नंबरासाठी मेकॅनिक कोण बोलावतंय?

वर्ष असंच गेलं.

मग गेल्या महिन्यात मुकादमाच्या कंबरेत उसण भरली. तो घरी पडून राहिला.

त्याच संध्याकाळी...

बेरीज जुळली नाही.

बायकांची मिळून बेरीज कमी. सरसकट बेरीज जास्त. फरक त्रेचाळीस किलोंचा.

ताईने फॉर्म्युला पुन्हा ओढला. तेच. असं कधी होतं हे तिला ठाऊक होतं. ओळ असते, पण ते नाव यादीत नसतं, तेव्हा. नवी बाई कामाला लागली की हमखास होतं. पण नवी बाई कुणी आलीच नव्हती.

ती एकेक ओळ बघत वर गेली...

दुपारच्या सुट्टीची वेळ. तेव्हा काट्याची खोली बंद असते.

वजन त्रेचाळीस.

नाव धाकटीचं.

कुणीतरी वात्रटपणा केला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. खोलीची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. तरी समजावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ. तेच वजन.

तिसऱ्या दिवशी ताई जेवायला घरी गेलीच नाही. बायका मागच्या बाजूला डबे खात बसल्या होत्या. मशीन बंद होती. ताईने कुलूप काढलं आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. काटा रिकामा. पडद्यावर शून्य.

बाहेरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

मग तो आवाज थांबला.

आणि काट्याचा पत्रा कुरकुरला...

कुणी जपून पाय ठेवावा तसा. आधी एक. मग दुसरा.

आकडे चढायला लागले. बारा... सत्तावीस... चाळीस...

त्रेचाळीसवर थांबले.

एवढा जड गठ्ठा कुणी बांधतच नाही, उचलणार कोण? पण हा आकडा तिच्या ओळखीचा होता. काम सुटल्यावर दोघी बहिणी गंमत म्हणून याच काट्यावर चढायच्या. धाकटी कितीही खाल्लं तरी त्रेचाळीसच भरायची. वर ताईलाच चिडवायची, की तू नको चढूस, काटा मोडेल.

बटण आपोआप आत गेलं.

टक्...

पडद्यावर पुन्हा शून्य.

ताई तशीच घरी आली. चप्पल कुठे काढली तेही तिला आठवत नाही. नवऱ्याला सांगितलं तर वेड्यात काढेल, असं तिला वाटत होतं. पण घाबरलेलं माणूस आपल्याच माणसाजवळ जाणार ना? ती त्याच्या उशाशी जाऊन बसली. मुकादम दुखण्याच्या गोळीच्या गुंगीत होता. ती एवढंच म्हणाली, "अहो, बेरीज जुळत नाहीये."

त्याने डोळेही उघडले नाहीत.

"दुपारची ओळ पुसून टाक," तो म्हणाला. "मी रोज पुसतो."

रोज.

म्हणजे वर्षभर. रोज दुपारी तो ताईला म्हणायचा, तू घरी जा, आईला भरव, ऑफिस मी बघतो. नवरा असावा तर असा, हे ताईने मला कितीदा ऐकवलं असेल! आणि हा तिथे बसून तिची बहीण पुसत होता. घरी येऊन तिच्याच हातचं जेवत होता.

ताईने विचारलं, "ती त्या दिवशी आली होती?"

आता मात्र त्याची झोप उडाली.

"मालकांनी सांगितलं तसं केलं मी," तो म्हणाला. "माझा हात नव्हता त्यात."

कशात हात नव्हता? कुठे आहे ती? ताईने त्याला गदागदा हलवून विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

आता ताई आणि मावशी माझ्याकडे राहतात. पोलिसांकडे अर्ज दिलाय. मुकादम तिथे सरळ हात वर करतो, गोळीच्या गुंगीत काहीतरी बरळलो म्हणतो. मालक तर ताईशी पूर्वीपेक्षा गोड बोलतो. मला त्याचीच जास्त भीती वाटते. मी डोकं फोडून सांगितलं, सोड ती नोकरी, आग लाव त्या काट्याला. ती ऐकत नाही. मी गेले तर ती ओळ पुन्हा पुसतील, म्हणते.

तिने धाकटीचं नाव यादीत परत घातलंय. बेरीज आता रोज जुळते.

मावशीला यातलं काही माहीत नाही. ती अजून सकाळ-संध्याकाळ त्या पोरीला शिव्या घालते, घर सोडून पळाली म्हणून. काल मला ते ऐकवेना. मी ताईला म्हटलं, सांगून टाक आईला एकदाचं.

ताईने आधी आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं...

मग म्हणाली, "काय सांगू? ती कुठेच गेली नाही, रोज कामावर येते, असं सांगू?"