मशीनचं कपाळ

"फ पण गेला," भुजंगनं जाहीर केलं. "आता 'पंचफुला'मधलं राहिलं काय?"

"प हाय की. अन् ला हाय," लिंबाजी म्हणाला. "बन्सीधरकाकाला जीपवर 'पला' लिहून द्या. आईला लाडानं पला म्हणतोय म्हणावं."

कावेरी हसली नाही. चिमट्यानं उचललेला लाल कागद तिनं उजेडाकडे धरला. अक्षरांचे कोपरे उंदरानं कुरतडल्यासारखे झाले होते, उकाराचं शेपूट फाटून लोंबत होतं आणि अनुस्वाराचा ठिपका कुठे उडाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मागं खुर्चीत दत्तमामा बसले होते. ते रागावले असते तरी चाललं असतं, पण ते नुसते बघत होते, आणि तेच तिला सहन होईना.

कावेरी आणि भुजंग ही बहीणभावंडं राणीसावरगावची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सेलूला मामाकडे आली होती. लिंबाजी शेजारच्या सायकल दुकानदाराचा मुलगा. सुट्टीत तो आपल्या घरी फक्त जेवायला जायचा, आणि मामीनं थालीपीठ लावलं असेल तर तेवढाही त्रास घ्यायचा नाही.

दत्तमामा म्हणजे सेलूचे दत्ता पेंटर. स्टेशनपासून बाजारापर्यंत चालत गेलं तर निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण त्या वर्षी जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाला नवं नाव मिळालं, म्हणून इथल्या कॉलेजाची पाटी नव्यानं लिहायचं काम मामांकडे आलं, आणि ती लिहिताना त्यांचा ब्रश पहिल्यांदा थरथरला. मग थरथरतच राहिला. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं कधी कधी. मामांना मात्र पाटी लिहिण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

त्यांचा मुलगा विष्णू पुण्याला छापखान्यात होता. त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचं नवं कोरं कापायचं मशीन पाठवलं. पडद्यावर अक्षर काढायचं, बटण दाबायचं, की मशीनमधलं इवलंसं पातं रंगीत चिकट कागदावर ते अक्षर कापायचं. या कागदाला सगळे रेडियम म्हणत. कापलेलं अक्षर सोलून काचेवर चिकटवलं की झाली पाटी. बटण काय, थरथरत्या बोटानंही दाबता येतं. मामा रात्रंदिवस बटणं दाबून प्रत्येक वेलांटी आपल्या वळणाची करत बसायचे.

पण मशीन काही वळणावर येईना.

पहिल्यांदा पातं इतकं बाहेर आलं होतं, की रेडियमबरोबर त्याच्या पाठीचा खालचा कागदही कापला गेला आणि मशीनच्या पुढ्यात अक्षरांचा चिवडा पडला. ते पोरांनीच निस्तरलं. पातं थोडं आत घ्यायचं, एक छोटा चौकोन कापून बघायचा, पुन्हा थोडं आत. नुसतं रेडियम कापलं जाऊन खालचा कागद शाबूत राहिला तेव्हा भुजंगनं दुकानात एक फेरी नाचून काढली होती. त्यानंतर हे कोपऱ्यांचं दुखणं सुरू झालं.

"उद्या अण्णासाहेब येयलेत," मामा आता म्हणाले. अण्णासाहेब हे असली मशीनं विकणाऱ्या औरंगाबादच्या दुकानाचे माणूस. "त्यांना सांगितलंय मी, घेऊन जावा म्हणून. विष्णूला कळवतो, आमी दोघं पुण्याला येतो. इथं आता काय राहिलंय माझं."

"मामा, अजून एकदा बघू की," कावेरी म्हणाली.

"किती बघायचं, बाई? मागल्या बारीला अण्णासाहेबांनी नवं पातं घातलं, कापून दाखवलं. काय म्हणले? मशीन चांगलं हाय, तुमचाच हात खराब हाय." मामा उठले. "खरंच बोलले ते."

ते जेवून आत जाऊन पडले. मामीही पडल्या. वैशाखाच्या दुपारी सेलूत कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. तीन पोरं तेवढी मशीनभोवती मांडी घालून बसली.

"लाइट कमी-जास्त होतेय," लिंबाजी म्हणाला. "आमच्या पंख्याला बघ, कधी पळतोय कधी रांगतोय."

"मग मधी लय दिवस चांगलं कसं चाललं?" भुजंगनं विचारलं. "तवा काय लाइट शहाणी झाली होती?"

कावेरीनं मान वर केली. "कधी चांगलं चाललं रे?"

"अण्णासाहेब येऊन गेले तवापासून. त्या दिवशी विष्णूदादाला मुलगा झाल्याची तार नव्हती का आली? मामानं पेढे दिले, अण्णासाहेबांनी चार खाल्ले."

"आणि बिघडलं कधी?"

"बारसं झालं अन् बिघडलं," लिंबाजी म्हणाला. "पोराची दृष्ट मशीनला लागली म्हणायची."

कावेरी मनात दिवस मोजू लागली. बाळ झालं, म्हणजे घराला सोयर. सोयर फिटेपर्यंत घरात देवपूजा नाही. आणि दुकानात? दुकानातही नाही. तिला मामांची रोजची सकाळ आठवली. अंघोळ करून ते दुकान उघडायचे, उदबत्ती लावायचे, वाटीत कुंकू पाण्यात कालवायचे आणि अनामिकेनं मशीनला ठिपका लावून हात जोडायचे. सोयराच्या दिवसांत तेवढं बंद होतं.

"भुजंग, मामा कुंकू कुठं लावतेत?"

"कुठं म्हणजे? जे कापतं त्यालाच. मुख्य मानकरी तोच की."

पातं एका बोटभर नळीत बसवलेलं होतं. नळीच्या माथ्यावर बारीक भोक होतं आणि भोकाभोवती कुंकवाचा थर वाळून खपली धरली होती. कावेरीनं बटण बंद केलं आणि नळी हलकेच काढली. अण्णासाहेबांनी नवं पातं बसवताना ते बोटानं फिरवून दाखवलं होतं, भिंगरीसारखं गरगर फिरलं होतं. कोपरा आला की ते असंच वळतं म्हणून अक्षराचा कोपरा नीट निघतो, असंही ते पेढा खाता खाता म्हणाले होते. आता तिनं पात्याला बोट लावलं. ते जागचं हललं नाही.

"अयाई," लिंबाजी हळूच म्हणाला. "आत समदा मळवट भरलाय."

पोरांनी मामांचा सगळ्यात बारीक ब्रश शोधला. टर्पेंटाइनमध्ये बुडवून नळी आतून धुतली, फडक्यानं पुसली, पुन्हा धुतली. फडकं लाल झालं. शेवटी भुजंगनं पात्याला फुंकर घातली आणि ते फिरलं. नळी जागेवर बसवून त्यांनी चौकोन कापला. चारही कोपरे टोकदार आले. मग 'पंचफुला' कापलं. कावेरी चिमट्यानं सोलत गेली. उकार अख्खा निघाला. अनुस्वारही जागच्या जागी राहिला.

मशीनच्या आवाजानं मामा उठून आले होते. त्यांनी अक्षरं पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. फचं ते लांब वळण खास त्यांचं होतं.

"देवा," ते म्हणाले, "ऐकलंस रे बाबा." त्यांनी कोनाड्यातली कुंकवाची वाटी घेतली, बोट बुडवलं, आणि थरथरतं बोट थेट नळीकडे नेलं.

कावेरीनं त्यांचा हात धरला.

"तिथं नको, मामा."

मामांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भुजंगनं लाल फडकं पुढं केलं, आणि पातं कसं अडकलं होतं ते लिंबाजीनं सांगून टाकलं.

मामा मटकन खुर्चीत बसले. "बिघडतंय म्हणून मी दोन दोन ठिपके लावायलो होतो," ते म्हणाले. "रोज हात जोडून सांगायचो, येवढं चालू दे. अन् मीच त्याचा गळा दाबत होतो व्हय?"

मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पुढं आल्या आणि त्यांनी मामांच्या हातातली वाटी घेतली.

"लेकराला काजळ घालताना डोळ्यात बोट गेलं तर माया कमी होती काय?" त्या म्हणाल्या. "जरा बाजूला लावायचं. हे बघा, ह्याचं कपाळ हितं हाय." मशीनच्या झाकणावर पुढच्या बाजूला, जिथून पात्याला काही होणार नव्हतं, तिथं मामींनी ठसठशीत ठिपका लावला. मामांनी हात जोडले. मग त्यांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब खोकं आणि दोरी घेऊन हजर झाले. मशीन धडाधड कापत होतं. त्यांनी चौकोन पाहिला, अक्षरं पाहिली.

"कुणी दुरुस्त केलं?"

"ह्या तिघांनी," मामा म्हणाले.

पोरांनी नळी काढून दाखवली, सगळं सांगितलं. अण्णासाहेब कान खाजवत राहिले. "मी आलो तेव्हा ही नळी पुसायला हवी होती मी," ते म्हणाले. "जुनं पातं फेकलं, नवं घातलं, आत डोकावलोच नाही. दत्तराव, त्या दिवशी मी हाताबद्दल बोललो ते चुकलं माझं. पोरं हुशार आहेत तुमची." रिकामं खोकं काखेत मारून ते परतीच्या गाडीला गेले.

संध्याकाळी बन्सीधर जीप घेऊन आला. पोखर्णीच्या रस्त्यावर सवारी नेणारा हा माणूस, आईचं नाव मागच्या काचेवर घातल्याशिवाय जीप धंद्याला काढायची नाही म्हणून अडून बसला होता. कावेरी आणि लिंबाजीनं कागद ताणून धरला, भुजंगनं फडक्यानं दाबत बुडबुडे काढले, आणि मामा लांब उभे राहून 'उजवीकडं, अजून थोडं' म्हणत राहिले. अक्षरं उचलून धरणारा वरचा कागद सोलला. काचेवर लाल 'पंचफुला' उमटलं.

बन्सीधर काचेजवळ गेला. त्यानं फच्या वळणावरून बोट फिरवलं.

"दत्तराव, हे तुमचंच अक्षर. हात बरा झाला म्हणायचा की."

"न्हाई बाबा, हात थरथरतोयच," मामा म्हणाले. "पण अक्षर थरथरत न्हाई आता."

बन्सीधरनं मान डोलावली आणि समोरच्या काचेवर काय लिहायचं ते सांगायला सुरुवात केली.