मंगळवारी आलेली लेन्स

"सामान्य कानांना फरक कळत नाही हो, मॅडम," दुकानदार म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं.

आठवड्यापूर्वी ह्याच माणसानं मला प्लेअर विकला होता. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'हाय-रेझोल्यूशन'! बाबांच्या वाद्यवृंदाच्या शेवटच्या कार्यक्रमाची डिस्क त्यावर वाजायची, पण तिच्यावरच्या आवाजाच्या दोन थरांपैकी फक्त साधा थर. बारीकसारीक आवाज ज्या थरात साठवले होते, तो ह्या यंत्राला वाचताच येत नव्हता.

"तीस वर्षं व्हायोलिन वाजवलेल्या माझ्या बाबांचे कान सामान्य?"

"मग हा घ्या." त्यानं दाखवलेल्या प्लेअरची किंमत म्हणजे माझा तीन महिन्यांचा पगार.

"घेऊ नका," मागून कुणीतरी म्हणालं.

मी गर्रकन वळले. विस्कटलेले केस, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि डोळ्यांत… हसू!

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. पण काही जुने व्हिडिओ प्लेअर ही डिस्क पूर्ण वाचतात. स्वस्तात मिळतात. माझ्याकडे एक आहे, डिस्क वाचणारी लेन्स तेवढी बदलावी लागेल. पलीकडच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे."

दुकानदाराचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. तेवढ्यासाठी तरी मी 'चालेल' म्हणाले.

लेन्स बाहेरगावाहून यायची होती. मी दातांची डॉक्टर; दवाखाना सुटला की मी रोज त्याच्याकडे जाऊन भांडायचे.

"आली?"

"नाही… बसा ना."

"बसायला नाही आले मी!"

असं म्हणत मी तासभर बसायचे. तो सोल्डरिंग करता करता मध्येच वर बघायचा. मी पटकन भिंतीवरच्या वायरी मोजायला लागायचे.

शुक्रवारी संध्याकाळी तो प्लेअर घेऊन घरी आला. डिस्क आत सरकली. बाबा खुर्ची ओढून स्पीकरला जवळजवळ चिकटून बसले. थोड्या वेळानं एकदम ओरडले, "ऐकलंस? नोटेशनचं पान उलटलं! हा आमचा चेलोवाला… मेला नेहमी घाई करायचा!" आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

"इतक्या जवळून ऐकतात?" त्यानं हळूच विचारलं.

"उजवा कान गेलाय. डॉक्टर म्हणतात, डावाही वर्षभरात जाईल."

त्याचा चेहरा उतरला. तो दाराबाहेर गेला, मी मागोमाग.

"लेन्स मंगळवारीच आली होती," तो म्हणाला. "त्याच दिवशी बसवलीही. तुम्ही यायचं बंद कराल म्हणून… मला हे माहीत नव्हतं हो."

"तीन दिवस! माझ्या बाबांचे तीन दिवस! तुमच्यात आणि त्या दुकानदारात फरक काय मग?"

तो मान खाली घालून जिना उतरला.

आत आले तर बाबा तोच तुकडा पुन्हा ऐकत होते. मी रडतरडत सगळं सांगितलं.

"गाढव आहे," बाबा म्हणाले. "पण पकडला जाण्याआधी कबूल करणारं गाढव रोज भेटत नाही, बाळ."

शनिवारी दुपारी मी त्याच्या दुकानात शिरले. तो ताडकन उभा राहिला.

"मी अजून रागावलेय."

"रागवा. बरोबरच आहे."

"माझ्याशी पुन्हा खोटं बोललात तर भूल न देता दात उपटीन."

"नाही बोलणार." त्यानं घसा साफ केला. "मग एक खरं सांगू? त्या दुकानात तुम्ही भांडत होतात ना… मी बॅटरी घ्यायला आलो होतो. तुम्हाला बघितलं आणि बॅटरी विसरूनच गेलो. मला तुम्ही… फार आवडता."

माझे कान तापले. राग होता तो. निदान अर्धा तरी.

"हे मंगळवारीच सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले आणि त्याचा हात धरला.