माया किती ठेवू?

लाजपतनगरच्या रेशमाच्या दुकानात हेमांगी अस्तर घ्यायला गेली होती, आणि शेजारी उभा असलेला एक उंच मुलगा फोनवर मराठीची पार वाट लावत होता.

"ताई, तो फ्रॉक गं... छातीवर सगळं गोळा केलेलं असतं... वो क्या कहते हैं... सुरकुत्या!"

हेमांगीला हसू आवरेना. "सुरकुत्या म्हाताऱ्यांना पडतात. फ्रॉकला चुण्या असतात."

तो गर्रकन वळला. कान लालबुंद. "अच्छा... तुम्ही मराठी?"

"मराठी. आणि चुण्यांचे फ्रॉकच शिवते."

झालं! दुसऱ्याच दिवशी स्वारी मोरपंखी रेशीम घेऊन दिल्ली कँटातल्या तिच्या क्वार्टरवर हजर. परीक्षित त्याचं नाव. जन्मापासून दिल्लीकर, नोकरी नोएडातल्या एका न्यूज चॅनलमध्ये, आणि भाचीचा पहिला वाढदिवस तोंडावर आलेला. हेमांगीचे बाबा लष्करात सुभेदार होते. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार आणि सगळं बिऱ्हाड साताऱ्याकडच्या गावी परतणार. अर्धं सामान बांधूनही झालं होतं.

तिनं भाचीची मापं लिहून घेतली आणि सवयीनं विचारलं, "माया किती ठेवू?"

परीक्षित गडबडला. खाली बघितलं, वर बघितलं. मग हळूच म्हणाला, "जेवढी... जेवढी ठेवता येईल तेवढी," आणि तिच्याकडे असं काही बघितलं, की –

अगं बाई! मूल वाढलं की सोडता यावं म्हणून शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात, हे या दिल्लीकराला कोण सांगणार? तिनंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग तो बटणं बघायला आला, लेस बघायला आला, बघायला काही उरलं नाही तरी आला. जाताना दारात उगाच रेंगाळायचा. ज्या दिवशी यायचा नाही त्या दिवशी हेमांगी चुण्यांवर रेशमाचे चार टाके घालायची नि खिडकीशी बसून राहायची. ऑक्टोबरातला सप्तपर्णीचा दाट वास घरभर भरायचा, रस्त्यावर मोटारसायकल वाजली की छातीत धडधडायचं, आणि ती भलत्याच कुणाची तरी निघायची. तिला तो हवा होता, अगदी रडू येण्याइतका हवा होता. आणि शनिवारी सामानाचा ट्रक निघायचा होता.

शुक्रवारी तो फ्रॉक न्यायला आला, तेव्हा ती शेवटचा हूक लावत होती. तो समोरच्या बांधलेल्या खोक्यावर टेकला.

"आईला विचारलं मी. माया म्हणजे मार्जिन."

तिची सुई थांबली. "हो."

"मग त्या दिवशी हसला का नाहीत? सुरकुत्यांना तर हसलात!"

"हसू आलं नाही." ती थांबली. "बरं वाटलं..."

अंगणात बाबा खोक्यांना सुतळी बांधत होते. परीक्षितनं तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी जे म्हटलं, ते खरंच म्हटलं होतं. मार्जिनबिर्जिन मला काय माहीत! हेमांगी... जाऊ नका ना."

"मला तरी कुठं जायचंय? पण आईबाबा निघाले, तर मी इथं कोणत्या नात्यानं राहू?"

तो उठून दाराकडे वळला. तिला वाटलं, संपलं.

"दिवाळी झाली की गावी येतो," तो एकदम म्हणाला. "आईला घेऊन."

"आईंना कशाला?"

"ते... मागणी घालतात ना? मला नीट बोलता नाही येणार. तुमच्या बाबांसमोर तर बिल्कुल नाही. ती बोलेल."

हेमांगीचे डोळे भरून आले. तिनं फ्रॉक घडी करून त्याच्या हातात दिला.

"आईंना जरूर आणा," ती म्हणाली. "पण बोलायचं तुम्ही. चुकलात तरी चालेल."