धरलेली जागा

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं मी चौदा वर्षं बघत आले आहे. रुमाल, टोपी, पिशवी, पाण्याची बाटली. एकदा तर बार्शी गाडीत एका बाईनं रांगतं पोरगंच खिडकीतून आत सोडलं होतं आणि ती सावकाश मागच्या दारानं चढली. मी सोलापूर आगारात कंडक्टर आहे. जागेवरून भांडण लागलं की माझा निवाडा ठरलेला असतो. रुमालाला तिकीट नसतं. माणूस हजर असेल तर जागा त्याची, नाहीतर उभ्या माणसानं बसून घ्यावं. या नियमापायी मी एका सरपंचाच्या मेव्हण्याला अक्कलकोटपर्यंत उभं नेलं आहे. आगारात माझं नाव विजयमाला असलं तरी मागे मला ‘कोर्टबाई’ म्हणतात, आणि ते मला आवडतं.

गोष्ट मे महिन्यातली. माझे वडील आबासाहेब माढ्याकडच्या गावाहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे आले होते. वय सत्त्याहत्तर. सगळा जन्म ऊस आणि ज्वारीत गेला, समुद्र कधी पाहिला नाही. माझ्या मुलीनं, उत्कर्षानं, दहावीची परीक्षा दिली होती आणि बक्षीस म्हणून वॉटर पार्कला न्यायचं मी कबूल केलं होतं. तिनं आबांना मोबाईलवर तिथल्या लाटांच्या तलावाचा व्हिडिओ दाखवला. आबांनी तो तीनदा बघितला.

“ह्या लाटा खऱ्या असत्यात व्हय?”

“मशीननं करतात आबा. पण अंगावर येतात खऱ्याच.”

“मग मी बी येतो की,” आबा म्हणाले.

भावाला, युवराजला, हे कळलं तसा त्याचा फोन आला. “आक्का, येडी का काय तू? गेल्या साली बाजारात ऊन लागून पडल्यात आबा. डॉक्टर काय म्हणले इसरलीस? परत लागलं तर उठणार न्हाईत.”

“माझ्या गाडीतनं चौदा वर्षांत एक माणूस कमी उतरलेला न्हाई,” मी म्हटलं. “जसं नेते तसं आणून तुझ्या हातात देते. बघच तू.”

बोलून तर बसले. आता ते करून दाखवणं आलं.

उन्हाशी कसं वागायचं हे सोलापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. उत्कर्षाचे वडील लांबच्या गाडीवर ड्यूटीला गेले होते, त्यामुळे सगळं मीच आवरलं. रात्रीच ताक केलं, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याच्या चार बाटल्या भरल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली, आबांच्या खिशात कांदा ठेवला आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळला. सकाळच्या गाडीनं निघालो. कुंभारीच्या पुढं हमरस्त्यावर ‘सागरलहर’ची कमान आहे, तिथं उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि डांबर मऊ व्हायला लागलं होतं.

रविवार होता. अर्धं सोलापूर आणि पाव कर्नाटक तिथं लोटलं होतं. तिकिटाच्या रांगेत मी आबांना माझ्या सावलीत उभं केलं, म्हणजे मी उन्हाकडे आणि ते माझ्यामागे. आत गेल्यावर फरशी इतकी तापलेली की लोक टाचांवर नाचत होते. नायलॉनचे भाड्याचे कपडे, कर्णे, किंकाळ्या, क्लोरीनचा वास, तळलेल्या बटाट्याचा वास. लाटा दिवसातून दोनदा सोडतात असं कळलं, साडेबाराला आणि साडेचारला. साडेबाराच्या उन्हात आबांना नेणं शक्यच नव्हतं. म्हणजे साडेचारपर्यंत त्यांना सावली हवी होती.

सावली म्हणावी अशी एकच होती. तलावाच्या मागं पत्र्याची लांब शेड, आत सिमेंटचे बाक. शेड खचाखच भरलेली. बाया मांडीवर दोन-दोन पोरं घेऊन बसलेल्या, पुरुष खाली फरशीवर, कोण डब्यावर. मी कंडक्टरच्या नजरेनं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. आणि अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला, एका माणसाची जागा मोकळी दिसली.

तिथं निळ्या चौकटीचा एक रुमाल घडी करून ठेवलेला होता.

शेजारी एक बाई इतकी अंग चोरून बसली होती की तिचा अर्धा देह बाकाबाहेर होता. पण त्या जागेकडे ती तसूभरही सरकली नव्हती.

“कुणाची जागा हाय ही?”

“असंल की कुणाची तरी,” ती म्हणाली. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

मी दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले. मी अन्याय करत नाही. दहा मिनिटांत कुणी आलं नाही आणि आबांचा चेहरा लालबुंद व्हायला लागला होता. मी रुमाल उचलला.

रुमाल ओला होता. नुसता दमट नाही, आत्ता विहिरीतून काढल्यासारखा गार आणि जड. बाहेर धुतलेलं कापड दोन मिनिटांत वाळत होतं. कुणीतरी नुकताच ठेवून गेलं असेल असं मी मनाशी म्हटलं, तो भिंतीतल्या खिळ्याला अडकवला आणि आबांना बसवलं.

“गार हाय गं हितं,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर इतकं समाधान आलं की मला माझाच अभिमान वाटला. अख्ख्या शेडमध्ये सगळ्यात गार जागा मी माझ्या बापाला मिळवून दिली होती.

मी आणि उत्कर्षा पाण्यात उतरलो, पण दर वीस मिनिटांनी मी शेडकडे चक्कर मारत होते. पहिल्या दोन फेऱ्यांत आबा आरामात होते. तिसऱ्या फेरीला ते जागेच्या अगदी कडेला टेकलेले दिसले, अर्धी जागा सोडून.

“आबा, नीट सरकून बसा की.”

“ते बी बसल्यात न्हवं,” आबा म्हणाले. “दोघं बसतोय की. भांडण कशाला.”

“कोण बसलंय?”

आबांनी भिंतीकडे मान वळवली आणि ओळख करून देताना माणूस हसतो तसे हसले. मग विषय बदलून म्हणाले, “लई सज्जन मानूस हाय.”

ऊन डोक्यात गेलं, हा माझा पहिला विचार. मी कपाळाला हात लावला. उन्हाच्या तडाख्यात कपाळ भाजतं, हे मला माहीत आहे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आम्हाला दिलेलं आहे. आबांचं कपाळ गार होतं. मी लिंबू-पाणी पाजलं, ते प्यायले, दोन वाक्यं नातीबद्दल शहाण्यासारखी बोलले. मला काही कळेना. शेजारच्या बाईच्या केसांतून घाम ठिबकत होता आणि आबांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता.

शेडमध्ये एक म्हातारा फडकं मारत होता. अंगावर पार्कचा निळा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं, बसप्पा. बोलण्यावरून दुधनीकडचा वाटला. मी त्याला विचारलं, त्या बाकावर कोण बसतं म्हणून.

“तिथं?” तो फडकं पिळायचा थांबला. “बसत नाहीत ओ कोणी.”

“माझे वडील बसलेत.”

“मग रुमाल?”

“मी काढला. खिळ्याला लावलाय. मालक कुठं होता जागेवर?”

बसप्पानं फडकं बादलीच्या कडेवर टाकलं. “बाई, मी पाच उन्हाळे झाडतो इथं. रुमालाच्या भोवतीनं झाडतो. इकडचे तिकडचे गुमान फिरून जातात, कोणाला सांगावं लागत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पाच वर्षांत तो वाळलेला बघितला नाही मी.”

“म्हणजे काय?”

“मला काय माहीत ओ,” म्हणून तो बादली घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

असल्या गप्पांना मी भीक घालत नाही. गळका पत्रा असेल, पाण्याचा पाइप जवळून गेला असेल. पण मी पुन्हा पाण्यात गेले नाही. उत्कर्षाला बोलावून तिथंच भाकरी खाल्ली. आबांनी दोन घास खाल्ले आणि बाकीची भाकरी हातात धरून बसले. लाटांचा पहिला भोंगा झाला, शेड अर्धी रिकामी झाली, बाक मोकळे पडले. उत्कर्षा पळाली. मी आबांना म्हटलं, “चला, त्या मधल्या बाकावर बसू, वारं लागंल.”

“हितंच बरं.”

“उठा तर.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पन्नास वर्षांत घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“विजू, उठता येईना गं.”

मी त्यांचा हात धरला. बर्फाच्या लादीला हात लावल्यासारखं झालं. नखं निळी पडली होती. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं आणि माझा बाप माझ्यासमोर गारठत होता.

मी काखेत हात घालून ओढलं. आबा हाडांचा सापळा, पन्नास किलोसुद्धा नाहीत. ते जागचे हलले नाहीत. मी बाहेरच्या दोघा पुरुषांना हाक मारून बोलावलं. ते शेडच्या तोंडापर्यंत आले, तिथून माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि काहीतरी विसरल्यासारखे परत गेले.

“ते शेजारी बसलेले काय म्हणत्यात?” मी आबांना विचारलं. माझ्या तोंडून हा प्रश्न कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही.

आबांनी भिंतीकडे कान दिला.

“म्हणत्यात, जागा मोकळी सोडायची न्हाई. कुणीतरी धरली पायजे.”

मी खिळ्यावरचा रुमाल ओढला. तो वाळला होता. कडक, पापडासारखा, वर्षानुवर्षं उन्हात पडलेला असावा तसा. मी तो आबांच्या शेजारी ठेवला. काही झालं नाही. त्या रुमालात आता काही उरलेलं नव्हतं. मी उचलला तेव्हाच त्याचा हक्क संपला होता, माझ्याच नियमानं.

आबांचे ओठ निळे झाले.

मला युवराज आठवला नाही, आगार आठवलं नाही. बाप जातोय एवढंच कळलं.

मी माझ्या कमरेचा रुमाल काढला. सकाळपासून घाम पुसून पुसून चिंब झालेला साधा पांढरा रुमाल. आयुष्यात मी कधी रुमाल टाकून जागा धरली नव्हती.

मी तो घडी केला आणि आबांच्या मांडीशेजारी सिमेंटवर ठेवला.

“ही जागा माझी हाय,” मी म्हटलं. “त्यांना उठू द्या.”

आबा उठले. खुर्चीवरून उठावं इतके सहज उठले, उठताना भिंतीकडे बघून निरोपाची मान हलवली आणि माझा खांदा धरला. दहा पावलांवर त्यांच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब आला. घाम बघून मला रडू फुटलं.

तोवर त्यांना शेडच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि साडेचारला मी त्यांना लाटा दाखवल्या. ऊन उतरलं होतं. नायलॉनच्या कपड्यांशिवाय पाण्यात सोडत नाहीत, पण तलावावरच्या पोरीनं आबांकडे बघितलं आणि काठावर उभं राहायला परवानगी दिली. आबांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं. भोंगा झाला, पाणी फुगत आलं आणि त्यांच्या पायांवर फुटलं. ते मागं सरले नाहीत. शेतात पाणी आलेलं बघावं तसे बघत राहिले. त्या क्षणी मला माझ्यापेक्षा मोठी बाई सोलापूर जिल्ह्यात दुसरी नाही असं वाटलं, आणि ते वाटणं मी मुळीच परत घेणार नाही.

परतीच्या गाडीत माझी सहकारी महेश्वरी ड्यूटीवर होती. तिनं आबांना खिडकीची जागा दिली. उत्कर्षानं तोंड पुसायला माझा रुमाल मागितला.

“तिथंच राहिला,” मी म्हटलं.

“राहिला न्हाई,” आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “टाकलाय तिनं. माझी लेक हाय ती.” त्यांच्या आवाजात इतकी ऐट होती की मागच्या सीटवरच्या बाईनंही वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आबांना माढ्याला नेऊन युवराजच्या हातात दिलं. आबा ठणठणीत आहेत. गावभर लाटांचं वर्णन करत फिरतात.

मी ड्यूटीवर आहे. मला घाम येत नाही. भर दुपारच्या दुधनी गाडीत लोक माझ्या भोवती दाटीवाटीनं उभे राहतात, इथं जरा गार वाटतंय म्हणतात. मी पुढं सरका म्हणते.

मागच्या रविवारी उत्कर्षा मैत्रिणींबरोबर पुन्हा तिथं गेली होती. मला न सांगता. संध्याकाळी केस पुसत सहज म्हणाली, “मम्मी, काय गर्दी होती आज. पण तुझा रुमाल आहे अजून तिथंच. ओला आहे. मी बसणार होते त्या जागेवर, पण काकांनी बसू दिलं नाही.”

“कुठले काका?”

“ते नाहीत का, त्या दिवशी आबांशी बोलत बसलेले, भिंतीकडचे. तू त्यांचा रुमाल उचललास तेव्हा तुझ्याकडंच बघत होते की.” तिनं टॉवेल दोरीवर टाकला. “भांडले नाहीत, चांगले आहेत. म्हणाले, ही तुझ्या आईची जागा आहे. तिला म्हणावं सावकाश या, घाई नाही.”