ठिपके किती, ओळी किती?

सकाळच्या रंगीत तालमीत शाळेच्या लॅपटॉपवर तिलूनं संगणकावर काढलेली रांगोळी पार बिघडली. केसाएवढ्या रेषा, पण जणू कुणी ओलं फडकं फिरवावं तशा धुरकट. तीच रांगोळी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लख्ख दिसली, पण तो तिला स्वतःच्या रांगोळीसाठी हवा होता. आणि स्टिकर दोन्हींवर एकच, 'टू-के'! आता काय म्हणावं?

रांगोळी स्पर्धेचं प्रदर्शन दुपारीच होतं. जिंकणारी रांगोळी यंत्रमानव चंद्राच्या मातीवर काढणार होते. परीक्षक अख्खं चित्र एका नजरेत बघणार, मोठं करून दाखवायला बंदी. म्हणून तिलू मामाला ओढतच साताऱ्यातल्या फडतऱ्यांच्या दुकानात आली, दिवसापुरता लॅपटॉप भाड्यानं घ्यायला.

तिथं नावांची जत्राच भरलेली. 'फुल एचडी', 'क्वाड एचडी', 'टू-के', 'अल्ट्रा'.

"मामा, फुल म्हणजे भरलेला ना? मग त्याच्यावर आणखी काय उरतं?"

"मला काय विचारतेस? मी फुल चहा नि हाफ चहा ओळखतो. सगळ्यांत लांब नावाचा घे, बाई."

असली नावं देणाऱ्यांना लाज नसते. गिऱ्हाईक गोंधळलं की त्यांचं फावतं.

दुकानातला यंत्रमानव बाब्या पुढं आला. "हा टू-के. नजारा जबरदस्त!"

"आणि तो?"

"तोही टू-के. नजारा जबरदस्त!"

"अरे, मग फरक काय?"

"फरक जबरदस्त!"

"दोन्ही सारखेच गं," फडतरे गल्ल्यावरून ओरडले. "आधी पावती फाड, मग हात लाव."

तिलूला रडूच आलं. आईकडून नवी रांगोळी शिकताना ती पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायची. तोच आता वैतागून तोंडातून निसटला.

"अरे, ठिपके किती, ओळी किती?"

बाब्या थबकला. कायदाच होता तसा: यंत्रमानवानं खुशाल जाहिरात करावी, पण कुणी माप विचारलं तर खरंच सांगावं.

"डावीकडचा: ओळीत १९२० ठिपके, ओळी १२००. उजवीकडचा: ओळीत २५६०, ओळी १६००. हे ठिपके म्हणजे पिक्सेल (पडद्यावरचा सर्वांत बारीक प्रकाशठिपका). ठिपके नि ओळींचं माप म्हणजे रिझोल्यूशन."

"मग नाव एकच कसं?"

"के म्हणजे हजार. टू-के म्हणजे आडवे ठिपके दोन हजारांच्या आसपास. आसपास म्हणजे कुठवर, ते विकणारा ठरवतो."

"माझ्या रांगोळीत ओळीत २४०० ठिपके आणि ओळी १५००."

"मग डावीकडे तुझे पाच ठिपके चारांच्या जागेत कोंबावे लागतील. एका ठिपक्याएवढी बारीक रेषा शेजारच्या रंगात मिसळून धुरकट होईल. उजवीकडे ठिपक्याला ठिपका बसेल, कडेला जागाही उरेल."

मामानं कपाळावर हात मारला. "म्हणजे शाळेचं अंगणच लहान होतं!"

"अंगण तेवढंच, मामा. ठिपके विरळ!"

पावती फाडली, उजवीकडच्या लॅपटॉपवर रांगोळी उघडली. रेष न् रेष सुरेख उभी राहिली. मागं 'अल्ट्रा' घ्यायला आलेले एक काका खाकरले, "बाब्या, याचंही माप सांग रे." फडतऱ्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

दुपारी परीक्षकबाई कितीतरी वेळ तिलूच्या पडद्यापुढून हलल्याच नाहीत. मग वळून म्हणाल्या, "चंद्रावर केवढी काढायची गं ही?"

तिलूला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती हसून म्हणाली, "केवढीही काढा, बाई. फक्त ठिपके कमी करू नका."